ठोका चुकतो तेव्हा : हृदयाच्या लयीवरच्या संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका रुग्णालयात कार्डिओलॉजीच्या ओपीडीबाहेर, ईसीजीच्या खोलीला लागून एक टेबल आहे. तिथे मी बसते. पद क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटरचं. पेशंटच्या तोंडी ‘संशोधनवाल्या मॅडम’. डॉक्टर आत पाच-सात मिनिटांत जे सांगतात, त्यातलं निम्मं लोक बाहेर येऊन मला विचारतात. खाली तेच प्रश्न आहेत, शक्यतो ज्या शब्दांत विचारले गेले त्याच शब्दांत.

मी डॉक्टर नाही. गोळी बदलायची की बंद करायची, हे इथे वाचून ठरवू नका. छातीत दुखतंय, चक्कर येऊन पडायला झालं, तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय, यातलं काही असेल तर आधी १०८ला फोन करा. बाकीचं नंतर वाचता येईल.

‘ठोके अनियमित आहेत’ म्हणजे हार्ट अटॅक येऊन गेला का?

नाही. अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी नळी बंद पडते. ठोक्यांच्या आजारात नळ्या चांगल्याही असू शकतात. बिघडलेली असते ती ठोका पाडणारी वीज. अँजिओग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणून खूश होऊन गेलेले लोक धडधड घेऊन परत येतात, ते यामुळेच.

पुणेकरांना समजावताना मी गणपतीतलं पथक वापरते. ताशा इशारा देतो, ढोल त्यावर पडतात. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात सायनस नोड नावाची एक छोटी जागा आहे, ती ताशाचं काम करते, मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, ज्याला ओपीडीत सगळेच एएफ म्हणतात, वरच्या कप्प्यांत मिनिटाला ३५० ते ६०० इशारे उठतात. म्हणजे पन्नास ताशेवाले एकदम, ज्याला जसं सुचेल तसं. कप्पे आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरतात. मधली एव्ही नोड त्यातले पुष्कळ इशारे अडवते, पण जे खाली उतरतात ते वाटेल तसे उतरतात. मनगटावर बोटं ठेवली की कळतं : एक ठोका, मग घाईघाईने दोन, मग मोठी पोकळी.

खरी भीती धडधडीची नाही. थरथरणाऱ्या कप्प्यात, विशेषतः डाव्या बाजूच्या पिशवीसारख्या एका कोपऱ्यात, रक्त साचतं, गुठळी धरते, आणि ती मेंदूकडे गेली की लकवा. एएफमध्ये हा धोका सुमारे पाचपट होतो. म्हणून धडधड पूर्ण थांबली तरी रक्त पातळ करायची गोळी चालूच राहू शकते. ही एक गोष्ट मी दिवसातून दहा वेळा सांगते आणि अकराव्यांदाही सांगायची तयारी ठेवते.

एएफ सोडून बाकीही प्रकार आहेत : अचानक सुरू होऊन अचानक थांबणारी एसव्हीटी, खालच्या कप्प्यांतून उठणारी आणि जिवावर बेतू शकणारी व्हीटी, ठोके फार मंदावणारा हार्ट ब्लॉक. मधूनच एखादा जादा ठोका, ज्याला एक्टोपिक म्हणतात, तो तर बहुतेक सगळ्यांनाच येतो.

डॉक्टरांनाच माहीत नाही का कुठलं औषध चांगलं? मग माझ्यावर प्रयोग कशाला?

हा प्रश्न जरा रागानेच येतो, आणि तो राग मला पटतो. उत्तर असं, की काही बाबतींत खरंच माहीत नसतं. दोन उपचारांपैकी एक सरस आहे हे आधीच ठरलेलं असेल, तर त्यांची तुलना करायला एथिक्स कमिटी, म्हणजे चाचणी रुग्णांच्या दृष्टीने योग्य आहे का ते तपासणारी समिती, परवानगीच देणार नाही.

आणि डॉक्टरांना जे ‘माहीत असतं’ तेही कधीकधी चुकतं. आमच्या क्षेत्रात याचं एक उदाहरण सगळ्यांना पाठ असतं. १९८०च्या दशकात असं दिसत होतं, की अटॅक येऊन गेलेल्या माणसाच्या ईसीजीच्या पट्टीवर खालच्या कप्प्यांतले जादा ठोके वारंवार दिसले तर त्याच्या मृत्यूचा धोका जास्त असतो. मग सरळ हिशेब : ते ठोके गोळीने दाबा, माणूस वाचेल. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ठोके उत्तम दाबायची. डॉक्टर ती विश्वासाने लिहून देत होते. पट्टी स्वच्छ यायची, पेशंट खूश, डॉक्टर खूश.

अमेरिकेतल्या ‘कास्ट’ नावाच्या चाचणीत नेमके असे रुग्ण घेतले, ज्यांचे जादा ठोके या औषधांनी दबतात हे आधी तपासून पाहिलं होतं. मग अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली कोरी गोळी. एप्रिल १९८९मध्ये चाचणीचा हा भाग मधेच थांबवावा लागला. अंतिम मोजदादीत औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले होते, कोऱ्या गोळीवरच्या ७४३ पैकी २६.

पट्टी सुधारली होती आणि माणसं जात होती. कोऱ्या गोळीचा गट नसता तर कुणाला पत्ता लागला असता? अटॅकनंतर माणसं जातात, हे सगळ्यांनी धरलेलंच होतं. प्रत्येक मृत्यूवर डॉक्टरांनी ‘आजार गंभीर होता’ असंच म्हटलं असतं. फ्लेकेनाइड आजही वापरतात, पण अटॅक येऊन गेलेल्यांना किंवा हृदय अशक्त असलेल्यांना टाळून, बाकीच्या निवडक रुग्णांना. ते कुणाला देऊ नये हे त्या ६३ जणांमुळे कळलं.

म्हणून माझ्या टेबलावरच्या अर्जांत ‘ईसीजी कसा आला’ यापेक्षा ‘जिवंत आहात का, लकवा आला का, ॲडमिट व्हावं लागलं का, जिना चढता येतो का’ हे प्रश्न जास्त असतात.

ठोके पुन्हा ताळ्यावर आणणं बरं, की नुसता वेग कमी ठेवणं? मला दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या.

दोघंही खोटं बोलत नव्हते. हा वाद गेली पंचवीस वर्षं चालू आहे आणि त्याचं उत्तर मधल्या काळात बदललंय.

२००२ साली ‘अफर्म’ चाचणीचा निकाल आला. ४०६० रुग्ण. एका गटात औषधांनी लय नीट करायचा प्रयत्न, दुसऱ्यात अनियमितपणा राहू द्यायचा, फक्त वेग आटोक्यात ठेवायचा. लय नीट करण्याने जास्त माणसं जगली नाहीत. त्यातला एक तपशील मला निकालाइतकाच महत्त्वाचा वाटतो : ज्यांना लकवा आला त्यांतल्या बहुतेकांची रक्त पातळ करायची गोळी बंद झालेली होती किंवा तिचा परिणाम अपुरा होता. ‘आता ठोके नीट झालेत’ म्हणून गोळी सोडणं किती महागात पडतं, ते तिथे दिसलं.

दरम्यान फ्रान्समधल्या बोर्दो शहरात मिशेल हाइसागेर यांच्या गटाने १९९८मध्ये दाखवलं होतं, की एएफची ठिणगी बहुतेक वेळा फुफ्फुसांकडून हृदयात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते. फक्त ४५ रुग्णांचा अभ्यास, पण त्याने उपचारच पालटला. जांघेतल्या शिरेतून तार वर नेऊन त्या तोंडांभोवतीची जागा जाळायची किंवा गोठवायची, म्हणजे ठिणगी आत पोहोचत नाही. हेच ॲब्लेशन. आता उष्णता किंवा थंडीऐवजी विजेच्या अगदी क्षणिक झटक्यांनी पेशी निकामी करायची पद्धत आली आहे. २०२३च्या ‘ॲडव्हेंट’ चाचणीत ६०७ रुग्णांमध्ये ती जुन्या पद्धतींपेक्षा कमी ठरली नाही. जास्तही ठरली नाही, हे जाहिरातीत सांगत नाहीत.

ॲब्लेशनने आयुष्य वाढतं का? २०१९च्या ‘कबाना’त २२०४ रुग्ण होते. चिठ्ठीत ॲब्लेशन आलेले आणि औषधं आलेले यांच्यात मृत्यू, मोठा लकवा वगैरे एकत्र मोजल्यावर ठोस फरक निघाला नाही. पण औषधाच्या गटातल्या चौथ्या हिश्श्याहून जास्त लोकांनी पुढे ॲब्लेशन करून घेतलंच. त्यामुळे ॲब्लेशनचे समर्थक आणि विरोधक, दोघंही हीच चाचणी पुढे करतात. हृदयाचं पंपिंग कमी झालेल्यांत मात्र चित्र वेगळं आहे : ‘कॅसल-एएफ’मध्ये, २०१८ साली, ३६३ रुग्णांत ॲब्लेशनवाल्यांत मृत्यू आणि हृदय निकामी होऊन ॲडमिट होणं, दोन्ही मिळून कमी दिसलं.

आणि २०२०मध्ये ‘ईस्ट’ आली. २७८९ रुग्ण, सगळ्यांचं एएफ गेल्या वर्षभरात सापडलेलं. लवकर लय सुधारायला घेतली तर हृदयविकाराने मृत्यू, लकवा वगैरे घटना कमी झाल्या. म्हणजे २००२चं उत्तर चुकीचं नव्हतं. तेव्हा औषधं वेगळी होती, ॲब्लेशन नव्हतं म्हणा ना, आणि रुग्ण उशिरा आलेले होते. तुमच्या दोन डॉक्टरांना विचारायचा प्रश्न एकच : माझं एएफ किती जुनं, आणि माझं पंपिंग किती?

हे सगळं परदेशातल्या लोकांवरचं. आपल्याला काय लागू?

चांगला प्रश्न, आणि फार कमी लोक विचारतात.

इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटीने २०११-१२मध्ये देशभरातल्या २४ केंद्रांतून एएफच्या १५३७ रुग्णांची नोंद केली. सरासरी वय ५५च्या आत, आणि जवळपास निम्म्यांना ऱ्हुमॅटिक झडपेचा आजार. युरोप-अमेरिकेत एएफ हा म्हातारपणाचा आजार आहे. आपल्याकडे लहानपणी घसा सुजून सांधे धरले, ताप आला, घरच्यांनी गरम पाण्याच्या गुळण्यांवर निभावलं, आणि वीस वर्षांनी झडप आकसून एएफ आला, अशी बाई अजून ओपीडीत दिसते.

रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांत या बाईला जागा नव्हती. २००९ची डॅबिगॅट्रॅनची (१८,११३ रुग्ण) काय किंवा २०११ची ॲपिक्सॅबॅनची (१८,२०१ रुग्ण) काय, झडप बऱ्यापैकी आकसलेले रुग्ण त्यांतून वगळले होते. गोळ्या सोयीच्या, दर महिन्याला रक्त तपासायला नको, म्हणून पुष्कळांना वाटत होतं, इथेही चालतीलच.

मग ‘इन्व्हिक्टस’ झाली. भारतासह २४ देश, साडेचार हजारांवर रुग्ण, सरासरी वय पन्नाशीच्या आसपास, चारांतल्या जवळजवळ तीन बायका. ऱ्हुमॅटिक आजार असलेल्यांत नवी रिव्हॅरोक्सॅबॅन आणि जुन्या पद्धतीची वॉरफरीनसारखी गोळी यांची तुलना. २०२२मध्ये निकाल आला तेव्हा जुनी गोळी जिंकली. लकवा, गुठळी, अटॅक किंवा मृत्यू अशी घटना नव्या गोळीच्या गटात ५६० जणांत, जुनीच्या गटात ४४६ जणांत. जास्त मृत्यूही नव्याच्याच बाजूला.

स्वस्त, जुनी, बोट टोचायला लावणारी गोळी. ऱ्हुमॅटिक झडपेच्या पेशंटला ‘ताई, तुम्हाला अजून ती जुनीच का देतायत?’ असं कुणी शेजाऱ्याने विचारलं, तर उत्तर आता तयार आहे. आपल्यासारख्या बायकांनी भाग घेतला म्हणून ते मिळालं.

मला खोटी गोळी मिळाली तर?

ज्या बाबतीत गुणकारी उपचार आहे तिथे नुसती कोरी गोळी देऊन माणसाला वाऱ्यावर सोडता येत नाही. वॉरफरीनने एएफमधला लकवा सुमारे दोन तृतीयांशाने कमी होतो, हे १९९०च्या आसपासच्या चाचण्यांतच ठरलं. त्यानंतर ज्याला गरज आहे त्याला उगाच कोरी गोळी देणं बसत नाही.

मग कोरी गोळी येते कुठे? दोन खऱ्या औषधांची तुलना करताना. समजा एक गोळी चौकोनी, एक गोल. दोन्ही सगळ्यांनाच देतात, पण प्रत्येकाची एकच खरी. शिवाय जुन्या गोळीला दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, बघावा लागतो, नवीला नाही. कुणाची कुठली गोळी खरी, हे गुपित नुसतं त्यावरूनच फुटेल. म्हणून रिव्हॅरोक्सॅबॅनच्या २०११च्या मोठ्या चाचणीत नव्या गोळीवरच्या लोकांचंही रक्त तपासत आणि त्यांना बनावट आयएनआर दाखवत, म्हणजे कोऱ्या गोळीचा डोसही बदलला जाई. ऐकायला फसवणूक वाटते. पण असं होऊ शकतं हे माहितीपत्रकात आधीच लिहिलेलं असतं, आणि सही त्याखाली असते.

कुणाला कुठला उपचार, हे चिठ्ठी टाकून का ठरवता? डॉक्टरांनी ठरवावं ना.

डॉक्टर ठरवायला लागले, की बऱ्या प्रकृतीचा पेशंट नकळत नव्या उपचाराकडे सरकतो आणि थकलेला जुन्याकडे. मग नवा उपचार जिंकतो तो पेशंटच्या प्रकृतीवर. चिठ्ठी कॉम्प्युटर टाकतो. त्याला तुमचा चेहरा दिसत नाही, एवढाच त्याचा गुण.

हे पंधरा-वीस पानांचं संमतीपत्र कोण वाचणार?

तुम्ही. घरी नेऊन. मुलाला, सुनेला, शेजारच्या निवृत्त मास्तरांना दाखवून. ‘आत्ता लगेच सही करा’ असं कुणी म्हणत असेल तर सही करू नका.

कागदाची भाषा ही मात्र आमची चूक आहे आणि मी ती कबूल करते. काही वर्षांपूर्वी एका चाचणीच्या मराठी पत्रकात ‘सहभागींचे यादृच्छिक पद्धतीने विभाजन करण्यात येईल’ असं वाक्य होतं. मुळशीकडच्या एका आजींना मी ते वाचून दाखवत होते. त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला आणि म्हणाल्या, “बाई, हे मला सांगायचंय का कोर्टाला?” मी म्हटलं, “आजी, चिठ्ठी टाकणार.” “मग तसं लिवा की.” लिहिलं. पण मंजूर कागदातला शब्दही कमिटीला विचारल्याशिवाय बदलता येत नाही, त्यामुळे त्या दोन शब्दांसाठी पुढचे कित्येक आठवडे गेले.

लिहिता-वाचता येत नसेल तर संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार समोर लागतो. नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी असहाय्य परिस्थितीतला असेल, तर संमतीचं व्हिडिओ चित्रीकरणही करावं लागतं. सही केलेल्या पत्राची एक प्रत तुमची. ती मागून घ्या आणि फाईलमध्ये ठेवा, देव्हाऱ्यामागे नको. रात्री त्रास झाला तर त्यावरचा फोन नंबर लागतो.

काही बरंवाईट झालं तर?

औषधांच्या चाचण्यांना भारतात २०१९चे नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियम लागू आहेत. गंभीर घटना घडली, म्हणजे मृत्यू, जिवाला धोका, ॲडमिट व्हावं लागणं, तर मुख्य संशोधक डॉक्टरांनी २४ तासांच्या आत केंद्रीय औषध नियंत्रक, प्रायोजक कंपनी आणि एथिक्स कमिटी, तिघांना कळवायचं असतं. ती घटना संशोधनाशी संबंधित आहे की नाही हे ठरेपर्यंत उपचार मोफत. इजा किंवा मृत्यू चाचणीमुळे झाला असं ठरलं तर भरपाई, तीही सूत्राने. मृत्यूच्या सूत्रातली मूळ रक्कम ८ लाख रुपये आहे, आणि वय व आजाराची गंभीरता यांचे घटक तिला गुणले जातात.

एथिक्स कमिटीत किमान सात जण असतात, निम्मे संस्थेबाहेरचे. त्यांत एक वकील, किमान एक बाई आणि एक सर्वसामान्य माणूस हवाच. मला विचाराल तर कमिटीतला सगळ्यात उपयोगी माणूस तो शेवटचा. ‘यादृच्छिक’ म्हणजे काय, हे तो विचारू शकतो.

२०२०च्या ऑगस्टमध्ये कोव्हिशिल्डच्या भारतातल्या चाचणीचे पहिले डोस पुण्यातच दिले गेले, तेव्हापासून ‘ट्रायल’ हा शब्द इथे रिक्षावाल्यालाही माहीत आहे. पण त्यामुळे लोकांना वाटतं, ट्रायल म्हणजे धडधाकट माणसाला टोचणं. आमच्याकडे येणारा आधीच आजारी असतो, त्याचे नेहमीचे उपचार चालूच राहतात.

पैसे मिळतात का? द्यावे लागतात का?

भाग घ्यायला पैसे द्यायचे नाहीत. संशोधनाची औषधं आणि तपासण्या मोफत. प्रवासखर्च मिळतो, कमिटीने मंजूर केलेला. स्वारगेटवरून रिक्षाने आलात तर पावती नसते हे आम्हाला माहीत आहे.

मधेच सोडलं तर डॉक्टर रागावतील?

रागावू नयेत. कधीही सोडता येतं, कारण न सांगता, आणि नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. फक्त गोळ्या एकदम बंद करू नका, फोन करा. रक्त पातळ करायची गोळी अचानक थांबवणं संशोधनात असो वा नसो, धोक्याचंच.

मॅडम, तारीख वारीत येतेय. जाऊ का?

दर ज्येष्ठात हा प्रश्न येतो, आणि चाचणीची योजना लिहिणाऱ्यांना वारी माहीत नसते. त्यांनी ‘९०वा दिवस, मागेपुढे सात दिवस’ एवढंच लिहिलेलं असतं. पालखी पुण्यातून निघून पंढरपूरला पोहोचेपर्यंत ते सात दिवस केव्हाच उलटतात. त्यामुळे आम्ही चाचणीत घेतानाच विचारतो, वारी करता का, कितवी. मग शक्य असेल तर भेट आधी ओढून घेतो.

जायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. गेलात तर गोळ्या दोन जागी विभागून ठेवा, एक पुडी स्वतःच्या कमरेला, एक सोबत्याकडे, कारण दिंडीच्या ट्रकमधली पिशवी हवी तेव्हा हाती लागत नाही. दिवेघाटात धाप लागली तर विठ्ठलाचं नाव घेत बसा, चढत राहू नका. पाय दुखले म्हणून दिंडीतल्या कुणाचीही वेदनाशामक गोळी घेऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर ती पोटात रक्तस्राव करू शकते.

उपवासाचं काय? आणि मेथी खायची नाही म्हणतात ते?

रिव्हॅरोक्सॅबॅनची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणाबरोबरच घ्यायची असते, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत नऊ वाजतात, त्या दिवशी गोळी त्या जेवणाबरोबर की सकाळी, हे आधी विचारून ठेवा. साबुदाण्याची खिचडी जेवणात धरतात का, असं एका काकूंनी विचारलं होतं. शेंगदाणा आणि तूप बघता डॉक्टरांनी धरली. ॲपिक्सॅबॅनला जेवणाची अट नाही.

वॉरफरीनवर किंवा तिच्याच जातीच्या असिट्रॉमवर असाल तर मेथी-पालक बंद करायची नाही, प्रमाण सारखं ठेवायचं. हिवाळ्यात जुडी स्वस्त झाली की घरोघरी रोज मेथी, आणि आमच्याकडे आयएनआरचे आकडे खाली. पालेभाजीतलं के जीवनसत्त्व गोळीच्या उलट काम करतं.

अर्जुनाची साल, एखादी मुळी घेतली तर चालेल?

घेत असाल तर सांगा, लपवू नका. आम्ही ओरडत नाही, लिहून ठेवतो. औषधांशी त्याचं कसं जमतं ते तपासावं लागतं.

कण्हेरीच्या मात्र वाटेलाही जाऊ नका. तिच्यात, आणि आपण लहानपणी जिच्या बिया खेळायला घ्यायचो त्या बिट्टीत, म्हणजे पिवळ्या कण्हेरीत, डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधासारखंच विष असतं. ठोके इतके मंदावतात की हृदय थांबतं. श्रीलंकेत बिट्टी खाऊन येणारे इतके होते, की तिथल्या डॉक्टरांनी थेट त्यावरच चाचणी केली. ६६ रुग्ण, २०००मध्ये प्रसिद्ध. डिगॉक्सिनवरचा प्रतिविषाचा उतारा बिट्टीलाही लागू पडतो, हे त्यातून कळलं. उतारा महाग आहे. बी फुकट मिळते.

होल्टर लावून अंघोळ केली तर?

होल्टर म्हणजे अंगावर लावून दिवसभर ठोके नोंदवणारं यंत्र. त्याला पाणी चालतं का ते तंत्रज्ञाला विचारा. नेहमीच्या वायरवाल्याला चालत नाही. जुलैच्या दमट दिवसांत घामाने चिकटपट्ट्या सुटतात, म्हणून आम्ही जादा पट्ट्या देतो. आणि डायरी लिहा. नुसतं ‘बरं वाटत नव्हतं’ नको. ‘सकाळी साडेसात, दूध आणायला जिना उतरलो, छातीत फडफड, दोन मिनिटं’ असं. नॉर्मन होल्टर यांचं पहिलं यंत्र पाठीवर बांधायचं होतं, वजन ८५ पौंड. तुमचं खिशात मावतं, तक्रार करू नका.

माझ्या घड्याळाने ‘एएफची शक्यता’ दाखवली. आता?

हिंजवडीकडून येणारे तरुण पट्टीच्या पीडीएफ घेऊनच येतात. २०१९मध्ये निकाल आलेल्या ॲपलच्या अभ्यासात ४ लाख १९ हजारांवर लोक होते. त्यांतल्या जेमतेम अर्ध्या टक्क्याला इशारा आला. ज्यांनी पुढे छातीवर ठोके नोंदवणारी चिकटपट्टी लावून ती परत पाठवली, त्यांच्यातल्या ३४ टक्क्यांत एएफ सापडलं. तेव्हा घड्याळाचा इशारा हे निदान नाही, ईसीजी काढायचं निमित्त आहे.

दुसरी बाजूही सांगते. डेन्मार्कमध्ये सहा हजार लोकांच्या ‘लूप’ अभ्यासात काहींच्या त्वचेखाली यंत्र बसवून लपलेलं एएफ हुडकलं. ते जवळपास तिप्पट सापडलं, गोळ्याही वाढल्या. २०२१मध्ये निकाल आला, लकव्यात ठोस घट दिसली नाही. कास्टची गोष्ट आठवा. पट्टीवर सापडणं वेगळं आणि माणसाचं भलं होणं वेगळं.

संशोधनात नेहमी महागडी औषधं आणि यंत्रंच असतात का?

माझा आवडता अभ्यास एका सिरिंजचा आहे. एसव्हीटीत, ठोके अचानक दीडशे-दोनशेवर गेले की, डॉक्टर पेशंटला कुंथायला सांगतात. त्याने कधीकधी लय परत येते. इंग्लंडमध्ये २०१५च्या ‘रिव्हर्ट’ चाचणीत निम्म्यांना नेहमीसारखं अर्धवट टेकून बसून १५ सेकंद जोर लावायला सांगितला. उरलेल्यांनी तेच केलं, पण लगेच त्यांना आडवं करून पाय ४५ अंशांत वर धरले, आणखी १५ सेकंद. चाचणीत हा जोर दाबमापकाने मोजला, पण १० मिलिची सिरिंज तोंडात धरून तिचा दट्ट्या जेमतेम हलेल इतकं फुंकलं तरी जोर बरोबर येतो. पहिल्या पद्धतीने १७ टक्के पूर्ववत झाले, दुसरीने ४३ टक्के. खर्च : एक सिरिंज आणि पाय धरायला एक माणूस. हे पहिल्यांदा घरी नको, दवाखान्यात.

वजनावरचा ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचा अभ्यास, २०१५चा : जाड माणसांनी दहा टक्के वजन उतरवून टिकवलं, तर एएफपासून मोकळं राहण्याची शक्यता सहापट. दारूवरचा ऑस्ट्रेलियातला, २०२०चा : नियमित पिणाऱ्या १४० जणांत, ज्यांना सोडायला सांगितली त्यांच्यात ५३ टक्क्यांना एएफ परत आलं, चालू ठेवलेल्यांत ७३ टक्क्यांना. यांची जाहिरात करायला मात्र कुठलीही कंपनी येत नाही.

माझ्या आजारावर संशोधन चालू आहे का, हे कुठे बघायचं?

सीटीआरआय, म्हणजे आयसीएमआरची (देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) क्लिनिकल चाचण्यांची नोंदवही. २००७पासून आहे, २००९पासून औषध नियंत्रकांनी सक्तीची केली. फुकट बघता येते. आजाराचं आणि शहराचं नाव टाकून शोधा. कुणी ‘चाचणी आहे’ म्हणाला तर आधी नोंदणी क्रमांक विचारा. क्रमांक सांगायला आढेवेढे घेत असेल तर चहा पिऊन परत या.

निकाल आम्हाला कळतो का?

कळायला हवा, आणि बरेचदा कुणी सांगत नाही. चाचणी संपून निकाल छापून येईपर्यंत वर्षं जातात, तोवर फोन नंबर बदललेले असतात. मी एक वही ठेवते आणि निकाल आला की जमेल तितक्यांना फोन लावते.

एकदा सदाशिव पेठेतल्या एका काकांना असाच फोन केला. दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची तुलना होती, ते तीन वर्षं दर महिन्याला येत होते, आयएनआरचा आकडा घरी कॅलेंडरवर लिहीत होते. मी सांगितलं, गुपित उघडलं, तुम्ही नव्या गोळीवर होतात.

“म्हणजे गोळी खरी होती?”

“खरी होती, काका.”

“आणि ते कॅलेंडरवरचे आकडे?”

“ते खोटे होते. बोट तेवढं खरंच टोचत होतो.”